देवळातल्या भजनासाठी दोन माइक: एक्स-वाय, ओआरटीएफ की ए-बी?

दोन सारखे पेन्सिल माइक हाताशी आहेत, रेकॉर्डर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलीतूनच माइकला मिळणारी वीज) देतो आणि गावच्या सप्ताहातलं भजन स्टिरिओत घ्यायचंय. माइक लावायचे कसे? सिंधुदुर्गातल्या बहुतेक देवळांत मी ओआरटीएफच लावेन.

एक्स-वायमध्ये दोन्ही माइकांची तोंडं एकावर एक येतात, कोन साधारण ९० अंशांचा. आवाज दोन्हींकडे एकाच वेळी पोचतो, फरक पडतो फक्त लहानमोठेपणाचा. म्हणून दोन्ही चॅनल एकत्र झाले तरी काही बिघडत नाही, आणि ही गोष्ट मोठी आहे, कारण भजनाची क्लिप शेवटी चाकरमान्यांच्या ग्रुपवर जाते आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर वाजते. अडचण वेगळीच आहे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माइकांची ही जोडी समोरचा जवळजवळ १८० अंशांचा पट्टा दोन स्पीकरांमध्ये बसवते. भजनी मंडळ तर त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतं. मग हेडफोनवर बुवांची पेटी, पखवाज, मागचा कोरस, सगळं मधोमध गोळा होतं.

ओआरटीएफ ही फ्रेंच रेडिओची पद्धत: माइकांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर, कोन ११० अंश. इथे पट्टा ९५ अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे तेच मंडळ ऐसपैस बसल्यासारखं ऐकू येतं. पखवाज एका अंगाला, चकवा (भजनातलं तालवाद्य) दुसऱ्या अंगाला, बोट दाखवून सांगता यावं इतकं स्पष्ट. मोनोत, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र केल्यावर, थोडा रंग उतरतो, पण चालण्यासारखा. स्टँड मात्र डोक्यांच्या वर न्या आणि तोंडं बुवांच्या दिशेने किंचित खाली झुकवा. खाली ठेवलात तर जवळची झांज बाकी सगळ्यांना गिळते. स्लॅबच्या, फरशी घातलेल्या सभामंडपात आवाज फार घुमतो. तिथे कोन बदलत बसू नका, माइक हातभर पुढे सरकवा.

ए-बी म्हणजे दोन माइक समांतर, दूर दूर. माइक ऑम्नी, म्हणजे चहूबाजूंचा आवाज सारखा घेणारे, असतील तरच याच्या वाटेला जा. ऑम्नीला खालचे सूर भरीव मिळतात आणि वारा कमी सोसावा लागतो, म्हणून शिमग्याच्या पालखीपुढचा ढोल किंवा समुद्राची गाज यांसाठी मला हीच पद्धत आवडते. पण ५० सेंटीमीटर अंतर असेल, तर ४५ अंशांवरून येणारा आवाज दुसऱ्या माइकला सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. मोनो केलं की ५०० हर्ट्झपाशी खड्डा पडतो, पुढे १५०० ला, २५०० ला. गाजेला त्याचं काही नाही, बुवांचा गळा मात्र पोकळ होतो.

पद्धत कुठलीही घ्या, कंडेन्सर माइकला (पेन्सिल माइक त्यातलेच) आपली दमट हवा बाधते. तोंडातल्या कॅप्सूलवर ओल धरली की चुरचुर सुरू होते. एरवी सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एसी गाडीतून नेलेत तर डबा लगेच उघडू नका, आतले माइक बाहेरच्या हवेइतके कोमट होऊ द्या. उघड्या मंडपात फोमची टोपी पुरत नाही, केसाळ लागते.

डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्याला, मात्र माझं मत बदलतं. दोन मंडळं दोन टोकांना बसलेली असतात आणि गर्दीत स्टँड मागे घ्यायला जागा नसते. तिथे ओआरटीएफचा पट्टा अपुरा पडतो, कडेची माणसं एकाच स्पीकरला जाऊन चिकटतात. अशा वेळी एक्स-वाय लावा.