ब्रुकलँड्स म्युझियम, वेब्रिज: गाड्या आणि विमानं दोन्हींचं वेड असेल तर जाच

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत, लंडन सगळं दाखवून झालं पण ते खरे रमले ते ब्रुकलँड्सला. वॉटरलूहून ट्रेनने वेब्रिज आणि पुढे चालत. १९०७ चा ट्रॅक, खास मोटार रेसिंगसाठी बांधलेला जगातला पहिला, आणि त्याच आवारात पुढे विकर्स आणि हॉकर या कंपन्यांची विमानं बनली, त्यामुळे इथे गाडी आणि विमान वेगळं काढताच येत नाही. नेपियर-रेलटन ही रेसिंग कारच बघा ना, २४ लिटरचं विमानाचं इंजिन गाडीत बसवलंय, १९३५ ला जॉन कॉबने तिच्यावर ताशी १४३.४४ मैलांचा लॅप मारला तो रेकॉर्ड इथे कुणालाच मोडता आला नाही, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना!! बँकिंगचा, म्हणजे वळणावरच्या तिरक्या उंच ट्रॅकचा, उरलेला भाग नक्की बघा, काँक्रीट उखडलंय, फटीतून गवत आलंय, तरी खाली उभं राहिलं की ती भिंत अंगावर येते.

दुसऱ्या महायुद्धातल्या वेलिंग्टन बॉम्बर विमानापाशी मी किती वेळ उभा होतो देव जाणे. १९४० च्या ३१ डिसेंबरला स्कॉटलंडच्या लॉक नेस तलावात बुडालेलं, १९८५ ला वर काढलं. वरचं कापडी आवरण नाही म्हणून आतला सांगाडा दिसतो, डिझायनर बार्न्स वॉलिसची ती धातूची जाळी, अगदी बुरुडाने टोपली विणावी तशी तिरकी वीण, एक पट्टी तुटली तरी भार बाकीच्यांवर जातो.

पण बाबा रमले हॉकर हंटर या लढाऊ जेटपाशी! ते एअरफोर्समध्ये जामनगरला हंटरच्या मेंटेनन्सला होते. वाकून पोटाखाली बघितलं आणि मला म्हणाले, "हे बघ, इथून अख्खा गनपॅक खाली घ्यायचो, चारही गन एकदम, आणि भरलेला दुसरा वर चढवायचो." तिथल्या व्हॉलंटियर आजोबांनी ते हातवारे बघितले आणि स्वतःहून जवळ आले, मग दोघं पाऊण तास बोलत होते, बाबांचं इंग्रजी तोडकंमोडकं पण नटबोल्टचं सगळं कळत होतं एकमेकांना.

बाहेर एक हिरवी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी होती, मालकाने बॉनेट उघडून एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर दाखवले, स्टार्टही करून दाखवली, काय आवाज आहे राव!

एकच सांगतो, सकाळी उघडल्या उघडल्या जा. आम्ही दुपारी पोचलो आणि कॉनकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान आतून बघायचं राहिलं, आता शनिवारी परत चाललोय, बाबांनी आत्तापासून बूट पुसून ठेवलेत.