ख्यालासाठी उंची स्पीकर: हार्बेथ, मॅग्नेपॅन की क्वाड?

स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार आधी बास ऐकवतो. मुख्य ऐकणं ख्याल-ठुमरी, सतार-सरोद असेल तर त्या बासवर पैसे घालवायचं कारण नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्‌झला असतो आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ला. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचे हेच आकडे २०८ आणि १०४. डग्ग्याचा घुमाराही साधारण ७० ते ११०मध्येच. थोडक्यात, ५०च्या खाली आपल्या गाण्यात जवळजवळ काहीच नाही. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातला डबल बास ४१पर्यंत उतरतो, ऑर्गन त्याहूनही खाली. ते ऐकणाऱ्यांचं गणित वेगळं.

आपली कसोटी २०० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात लागते. गायकाचा 'आ'कार मोकळा येतो का? जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, तानपुऱ्याला धरून राहते, की वरचे स्वर वेगळे होऊन झणझणतात? तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे कडेवरचा, 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकाच तबल्याचे वाटतात का?

या कसोटीवर पहिलं नाव हार्बेथचं. बीबीसीच्या संशोधन विभागात काम केलेले डडली हारवुड यांनी १९७७मध्ये ही कंपनी काढली, आणि माणसाचा आवाज खरा वाटला पाहिजे हा बीबीसीचा आग्रह तिच्यात टिकून आहे. लहान पी३ईएसआर ही बंद पेटी आहे, जेमतेम ३१ सेंटिमीटर उंच, खाली ७५ हर्ट्‌झपर्यंत सारख्या जोराने वाजणारी. पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज तिच्या मर्यादेखाली जातो, पण त्याने बिघडत नाही. खर्जाची तार आपण बरीचशी तिच्या वरच्या स्वरांवरूनच ओळखतो. डग्गा मात्र थोडा हलका होतो. तो भरीव हवा असेल तर मॉनिटर ३०.२ घ्यावा. त्याचं ड्रायव्हर, म्हणजे खालचे स्वर काढणारा शंकू, २०० मिलिमीटरचं असून तो ५० हर्ट्‌झपर्यंत जातो. दोन्हींची पुढची जाळी काढू नका, कंपनीने आवाज जाळीसकट बसवलेला आहे. हार्बेथ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बऱ्याचदा मंद वाटतो. मंडपातल्या पीए सिस्टिमवर गाणं ऐकून कान तयार झाले असतील तर तसं वाटणारच. तुलना बिनमाइकच्या बैठकीशी करावी.

अमेरिकेतल्या मॅग्नेपॅनचा १.७आय हा दीड मीटरहून उंच, दोन इंच जाडीचा सपाट पडदा आहे. पेटीच नाही, त्यामुळे पेटीचा आवाजही नाही. सतारीचा आघात आणि तानपुऱ्याचा पसारा याच्याइतका मोकळा पेटीच्या स्पीकरवर क्वचितच मिळतो. पण पडदा पुढे वाजतो तितकाच मागेही वाजतो. मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट जागा द्यावी लागते, चार असेल तर उत्तम. भिंतीला चिकटवला की मागून परतणारा आवाज पुढच्यात मिसळतो आणि तान पुसट होते. दुसरी अडचण अॅम्प्लिफायरची. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर एका मीटरवर होणारा आवाज, ८६ डेसिबल छापलेली असते, पण ती २.८३ व्होल्टला, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजवर दोन वॅट जातात. एका वॅटला हिशेब ८३चाच. तेव्हा ८ ओहमपेक्षा ४ ओहमला जवळपास दुप्पट वॅट देणारा दमदार अॅम्प हवा.

हार्बेथ पी३ईएसआरही ८३.५ डेसिबलचाच आहे, पण ६ ओहमचा असल्याने अॅम्पला सोसायला सोपा. ५० वॅटवर एका मीटरवर सुमारे १०० डेसिबल होतात, अडीच मीटरवर त्यातले आठेक कमी होतात, जोडीमुळे तीनेक परत मिळतात. ७५ डेसिबलच्या सरासरीवर ख्याल ऐकताना समेवरच्या डग्ग्याच्या थापेला एवढी मोकळीक पुरते.

क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिकवर, म्हणजे १९८१चा ईएसएल-६३ किंवा त्याच घराण्यातला २८१२, स्त्रीस्वर जसा उमटतो तसा इतर दोघांवर उमटत नाही. तरीही मुंबई-कोकणात तो घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आवाज काढणाऱ्या त्याच्या अतिपातळ पटलावर हजारो व्होल्टचा विद्युतभार असतो, तो धूळ ओढतो. पावसाळ्यात त्या धुळीत ओल शिरली की भार गळतो. आधी टिकटिक ऐकू येते, मग एका बाजूचा आवाज बसतो. पुण्या-नाशकात त्रास कमी, पण डीह्युमिडिफायर आणि पटलं दुरुस्त करणारा माणूस या दोन गोष्टी आधी हाताशी असाव्यात. मागे मोकळी जागा यालाही हवीच.

हॉर्नचे, म्हणजे भोंग्यातून आवाज फेकणारे स्पीकर, उदाहरणार्थ ९९ डेसिबलचा क्लिप्श हेरसी, पाच-दहा वॅटवर बैठक दणाणून सोडतात. पखवाजाला छान. तार सप्तकातल्या गायिकेला मात्र थोडी धार येते, आणि ती तासाभरात टोचू लागते.

आता खोली. १२ फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद ४७ हर्ट्‌झला येतो, दुसरा ९४ला. हा दुसरा नेमका डग्ग्यावर बसतो. पाठ भिंतीला टेकून बसलं तर प्रत्येक 'गे' फुगतो आणि दोष स्पीकरच्या माथी जातो. खुर्ची भिंतीपासून दोन ते अडीच फूट पुढे घ्या; बरोबर तीन फुटांवर ९४ जवळजवळ नाहीसा होतो आणि डग्गा पोकळ वाटतो. व्हिट्रिफाइड फरशीवर सतरंजी हवीच. गादीवर बसून ऐकत असाल तर बाजारातले २४ इंची स्टँड उंच पडतात. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा ड्रायव्हर, कानाच्या पातळीत आणायचा तर पी३ईएसआरला १८ ते २० इंच पुरतात. उंच पडद्यामुळे मॅग्नेपॅनला ही अडचण येत नाही.

१० बाय १२च्या खोलीत पी३ईएसआर, दुसरा विचार नको. १२ बाय १८चा हॉल असेल तर मॉनिटर ३०.२. मॅग्नेपॅन तेव्हाच, जेव्हा स्पीकर खोलीत चार फूट पुढे येऊन कायमचे उभे राहिलेले घरच्यांना चालणार असतील.

ऐकून बघताना जुनं मोनो ध्वनिमुद्रण न्या. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका जागी उभा राहिला पाहिजे. आवाज चहूकडून पोकळ येत असेल आणि डग्गा गायब असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत. जुना माल घेताना मॅग्नेपॅनवर खालचे स्वर जोरात वाजवा. 'झर्र' आलं तर पडद्यावरच्या तारांचा गोंद सुटलाय. ईएसएल-६३च्या पटलांचाही गोंद वयाने सुटतो, त्यामुळे तो विकत घेताना पटलांच्या दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच बोला.