ट्रायल्स सायकलसाठी मागचा डिस्क ब्रेक: एव्हिड बीबी७

ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड-कठड्यांसारखे अडथळे सायकलवरून पार करण्याच्या खेळात, मागच्या ब्रेकचे मुख्य काम वेग कमी करण्याचे नसते. दगडाच्या कडेवर एकट्या मागच्या चाकावर तोल सावरताना ते चाक पुढेही सरकू नये आणि मागेही, यासाठी तो असतो, आणि तेही एका बोटाच्या दाबाने. या कसोटीवर केबलने चालणारा बीबी७ मला मनापासून पसंत आहे. लिव्हर दाबल्यावर त्याचा बाहेरचा पॅडच (घासून चाक थांबवणारी पट्टी) हलतो आणि डिस्कला (चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला) किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो, म्हणून आतला पॅड डिस्कला जवळजवळ टेकलेला ठेवावा. त्यासाठी दोन्ही बाजूंना हाताने फिरवायच्या लाल चकत्या दिलेल्या आहेत. केबलचे आवरण दाबाखाली न आकसणारे घ्यावे, नाहीतर लिव्हर मऊ लागते. डिस्क १६० मिलिमीटरचीच बरी, कारण मोठी डिस्क दगडावर आपटून वाकण्याची भीती अधिक. केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक ब्रेक हाताला हलका लागतो, हे खरेच. परंतु माझ्या आधीच्या हायड्रॉलिक ब्रेकमधून तेल झिरपून पॅड तेलकट झाले आणि कठड्यावर चाक निसटून नडगी सोलली गेली. नवे पॅड मात्र उतारावर वारंवार दाबून मुरवल्याशिवाय कठड्यावर चढू नये.