सिमएच आणि हर्क्युलस: लातूर मावतं, नांदेड सांडतं

जुनं फोर्ट्रान (आकडेमोडीची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) एका मेनफ्रेमवरून, म्हणजे जुन्या मोठ्या मशीनवरून, दुसरीवर नेताना काय मोडतं, ते चालवल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी ही दोन फुकट एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम) घ्या: पीडीपी-१० आणि आयबीएम ७०९४ साठी सिमएच, सिस्टीम/३७० साठी हर्क्युलस. कॉलेजच्या लॅबमधला जुना पीसीही पुरतो.

चाचणीला डेटा शोधत बसू नका, मराठवाड्यातले जिल्हे इंग्रजी स्पेलिंगने पंच कार्डावर (एक कार्ड म्हणजे एक ओळ) टाका. बीड चार अक्षरांचं, लातूर पाच, नांदेड सहा, औरंगाबाद दहा (छत्रपती संभाजीनगर कुठल्याच वर्डात, म्हणजे मशीन एका वेळी हाताळते त्या बिटांच्या गटात, मावणार नाही). आयबीएम ३६०-३७० चा वर्ड ३२ बिटांचा, अक्षर आठ बिटांचं, म्हणून बीड बरोबर बसतं. पीडीपी-१० चा वर्ड ३६ बिटांचा आणि अक्षर सात बिटांचं: लातूर बसून एक बिट उरतो. ७०९४ चा वर्डही ३६ चाच, पण अक्षर सहा बिटांचं, तिथे नांदेड चपखल. औरंगाबाद अख्खं मावायला ६० बिटांच्या वर्डाचं आणि सहा बिटी अक्षरांचं सीडीसी ६६०० मशीन लागतं. ते या दोन्ही एम्युलेटरांत नाही, हीच मोठी उणीव.

फोर्ट्रान ६६ ला कॅरेक्टर प्रकारच नाही, मजकूर इंटिजरमध्ये (पूर्णांकात) कोंबायचा. ७०९४ साठी लिहिलेला ए६ फॉरमॅट (सहा अक्षरं एका वर्डात वाचायची सूचना) हर्क्युलसवर तसाच ठेवला, तर नांदेडची शेवटची चारच अक्षरं उरतात, 'एनडीईडी'. पीडीपी-१० वर पहिलं 'एन' गळतं. एरर कुठेच येत नाही, म्हणून हे सापडायला वेळ लागतो. ए१ ने वाचून दर वर्डात एकच अक्षर ठेवलं की तिन्हीकडे चालतं; मेमरी मात्र चार ते सहापट जाते.

खरी गंमत क्रमवारीत आहे. ७०९४ चा वर्ड चिन्ह आणि परिमाण (पहिला बिट अधिक-वजा, बाकीचे आकडा) असा असतो, आणि 'जे' पासून पुढच्या अक्षरांचा पहिला बिट १ म्हणजे वजा चिन्ह. इंटिजर म्हणून चढत्या क्रमाने लावलं, की परभणी, नांदेड, लातूर, जालना, औरंगाबाद, बीड अशी यादी येते! सिमएचवर हे हुबेहूब दिसतं, याला पूर्ण गुण.

सिमएचमधल्या पीडीपी-१० च्या डिस्क इमेजमध्ये (अख्खी डिस्क साठवलेल्या फाइलमध्ये) ३६ बिटांचा वर्ड ६४ बिटांत ठेवलेला असतो, त्यामुळे बाहेरून त्या फाइलमध्ये मजकूर शोधला तर काही हाती लागत नाही. फाइल आतल्या सिस्टीममधूनच बाहेर काढा. हर्क्युलसवर एमव्हीएस ३.८ या आयबीएमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची तयार मांडणी घेतली तरी जेसीएल (मशीनला काम सांगणारी भाषा) लिहावंच लागतं, आणि डेटा कार्डं एफटी०५एफ००१ ला (फोर्ट्रानच्या पाच नंबरच्या इनपुटला) जोडली नाहीत तर प्रोग्रॅम काहीच वाचत नाही. लाइटीचा भरवसा नसेल तर डिस्क इमेजची प्रत आधी बाजूला काढून ठेवा.

सिमएचला पाचपैकी साडेचार, हर्क्युलसला चार.