एनव्हीसीसी: रिलीजला गुणी, डीबगला नखरेल

जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) प्रोग्राम चालवायच्या एनव्हिडियाच्या कुडा टूलकिटमधला हा कंपायलर, म्हणजे कोडचा चालवता येणारा प्रोग्राम करणारा. पाचपैकी साडेतीन, कापलेला दीड गुण एरर मेसेजांच्या नावे.

पहिली ठेच बहुधा डीबगची (चुका शोधण्याची) नसतेच. सीपीयूचा कोड एनव्हीसीसी जीसीसी या दुसऱ्या कंपायलरकडे सोपवतो. उबुंटू २४.०४ सोबत जीसीसी १३ येतो आणि कुडा ११.८ ला जीसीसी ११ च्या पुढचं चालत नाही. ‘अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन’ दिसलं की जी++ ११ (जीसीसीचाच सी++ कंपायलर) टाकून त्याचा पाथ एनव्हीसीसीच्या ‘सीसीबिन’ या फ्लॅगला द्या, नाहीतर सरळ कुडा १२.४ घ्या. ही तपासणी बंद करणारा फ्लॅगही आहे, पण त्याच्या नादी लागू नका. मग सिस्टीमच्या हेडरमधूनच एररचा पूर येतो. ओपनएमपीचा (सीपीयूवर समांतर काम करण्याच्या सोयीचा) फ्लॅग थेट दिला की ‘अननोन ऑप्शन’. तो ‘एक्सकंपायलर’ या फ्लॅगमधूनच पुढे जीसीसीकडे पाठवावा लागतो.

आता खरी गंमत. डीबगचे फ्लॅग दोन: छोटा ‘जी’ सीपीयूच्या कोडसाठी, मोठा ‘जी’ जीपीयूच्या. बिल्ड जुळवणाऱ्या सीमेकचा डीबग मोड फक्त छोटा लावतो, म्हणून कुडा-जीडीबी या डीबगरमध्ये कर्नलमधले (जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनमधले) व्हेरिएबल दिसत नाहीत. मोठा हातानं घाला, तोही फक्त कुडाच्या फाइलींना.

मोठा ‘जी’ लागला की कर्नलमधलं ऑप्टिमायझेशन बंद होतं आणि लागणारे रजिस्टर (जीपीयूतल्या सर्वांत जलद साठवणीच्या जागा) भराभर वाढतात. बिल्ड बिनबोभाट होतो, कर्नल मात्र सुरूच होत नाही: ‘टू मेनी रिसोर्सेस रिक्वेस्टेड फॉर लाँच’. लाँचनंतर एरर तपासली नसेल तर हेही कळत नाही, नुसते चुकीचे आकडे हाती येतात. हिशेब सोपा आहे. बहुतेक कार्डांवर एका ब्लॉकला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या थ्रेडांच्या गटाला, ६५,५३६ रजिस्टर मिळतात; १०२४ थ्रेड असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४. कर्नलला ‘लाँच बाउंड्स’ (ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त किती थ्रेड ते कंपायलरला सांगणारी खूण) लावा किंवा ब्लॉक २५६ चा करा, मग थ्रेडमागे कमाल २५५ रजिस्टर लागले तरी बसतात. नेमके किती लागले ते ‘पीटीएक्सएएस’ला (एनव्हीसीसीच्या आतला जीपीयू असेंब्लर) ‘व्ही’ दिला की छापून येतं.

बिल्ड चालवणारा मेक मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबला तर रॅम संपली आहे, डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या सिस्टीम नोंदींत) खातरजमा करा. नागपुरात कॉलेजच्या लॅबमधल्या १६ जीबीच्या मशीनवर ‘जे १६’ (एका वेळी १६ कामं) चालवणं म्हणजे हे ओढवून घेणंच. बर्डीच्या बाजारात रॅम घ्यायला निघण्याआधी ‘जे २’ करा आणि बिल्डमधली सगळी आर्किटेक्चर (ज्या ज्या जीपीयू प्रकारांसाठी कोड बनतो ते) काढून आपल्या कार्डाचं तेवढं ठेवा. आरटीएक्स ३०६० ला एसएम ८६ पुरे. (मे महिन्यात कूलरसमोरचा लॅपटॉपही ४५ अंशांत तापून मंदावतो, त्याचा दोष कंपायलरला देऊ नका.)

खरं तर मेमरीच्या बहुतेक चुकांना मोठा ‘जी’ लागतच नाही. ‘लाइनइन्फो’ (कोडच्या ओळींचे क्रमांक जपणारा फ्लॅग) लावून मेमरीच्या चुका शोधणारं कॉम्प्युट-सॅनिटायझर चालवा: ऑप्टिमायझेशन शाबूत राहतं आणि चुकलेली ओळ सापडते. मोठा ‘जी’ आणि लाइनइन्फो एकत्र मात्र देऊ नका, लाइनइन्फो दुर्लक्षिला जातो. जुन्या मेकफाइलीत कुडा-मेमचेक हे याच कामाचं जुनं साधन असेल तर तेही बदला, कुडा १२ पासून ते टूलकिटमधून काढलंय.