फटाफट कट की लांब ब्लेंड? पहिला क्लब सेट ठरवताना

क्लबमध्ये पहिल्यांदा डीजे म्हणून वाजवणार असशील तर "हल्ली कोणाला मिनिटभराच्या वर एक ट्रॅक ऐकवत नाही" हे कोणीतरी सांगणारच. अर्धं खरंय. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) चार ठोक्यांचा एक बार २ सेकंदांचा, म्हणजे एक्स्टेंडेड मिक्सचा (डीजेसाठी लांबवलेल्या ट्रॅकचा) ३२ बारचा इन्ट्रो धरला तर ६४ सेकंद नुसते ड्रम्स, आणि दिवसभर रील्स बघणाऱ्या माणसाचा हात तेवढ्यात खिशातल्या फोनकडे जातोच जातो.

मग फटाफट कट घ्यायचे का, म्हणजे एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर झटक्यात जायचं? हॉट क्यू (ट्रॅकमधल्या हव्या त्या जागी नेणाऱ्या खुणा) लावून ठेवायचे, थेट ड्रॉपवर (जिथे बीट जोरात सुटतो) उडी, तासाला तीसेक ट्रॅक सहज होतात. तासाभराचा स्लॉट असेल, आवडीनिवडी वेगवेगळ्या असलेला क्राउड असेल तर हेच बरं, कारण एखादा ट्रॅक पडला तरी मिनिटात सुटका. पण फ्लोअरकडे नीट बघ, लोक उड्या मारतात, शूट करतात, थांबतात, परत उड्या. नाचणं असं लागतच नाही, आणि तू सतत पुढचा ट्रॅक शोधत असतोस त्यामुळे मान वर करून बघायलाही फुरसत नाही.

तसं कट करणं काही फोनमुळे आलेलं नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सला डीजे कूल हर्क गाण्यातला फक्त ब्रेकच (मुख्यतः ड्रम्सचा तुकडा) वाजवायचा, पण दोन टर्नटेबलवर तोच ब्रेक लांबवत न्यायचा, कारण नाचणारे त्याचीच वाट बघायचे. म्हणजे कापायचा ते वाढवायला! उलट न्यूयॉर्कच्याच द लॉफ्ट या डान्स पार्टीत डेव्हिड मॅन्क्युसो पुढे पुढे मिक्सिंगच सोडून अख्खी रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचा आणि तरी फ्लोअर टिकायचा.

लांब ब्लेंडबद्दल, म्हणजे दोन ट्रॅक बराच वेळ एकत्र चालवण्याबद्दल, माझं पक्कं मत असं की लोक कंटाळतात ते लांबीला नाही, काहीच न घडण्याला. मी एकदा दोन मिनिटांचा ब्लेंड लावला आणि दोन्ही ट्रॅकचे बेस चालूच ठेवले, सगळं गढूळ, किक ड्रम ऐकू येईना, अर्धा फ्लोअर ड्रिंक्सच्या काउंटरकडे. महिनाभर मी लोकांच्या अटेन्शन स्पॅनला शिव्या घातल्या, मग रेकॉर्डिंग ऐकलं 😅 आता आधी जुन्याचा बेस काढतो, ८ बार नुसतं हाय-हॅट आणि क्लॅप, खांदे हलत असतात पण पाय वाट बघतात, आणि मग नव्याचा बेस सोडतो.

तीन-चार तासांचा सेट असेल, किंवा बर्लिनच्या बर्गहाइन क्लबसारखं दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावणारं ठिकाण असेल तर बिनधास्त लांब जा. एकच तास मिळाला असेल तर सुरुवातीला चार-पाच पटापट कट, लोक आत आले की एक ट्रॅक पूर्ण सोड आणि स्क्रीनऐवजी फ्लोअरकडे बघ. फोन वर यायला लागले तर पुढचा क्यू तयार असू दे.