मोगऱ्याच्या ‘कलमां’ना मुळंच नव्हती

मृग लागला की बेळगावकडच्या खानापूरच्या खेड्यांत रोपांचे टेम्पो फिरू लागतात. बोली ठरलेली: उडुपी मोगऱ्याचं ग्राफ्टेड कलम, बारमाही फूल, कळ्या आम्हीच उचलणार, शेतात मधपेट्या ठेवा म्हणजे मधही मिळेल. 10 गुंठेवाल्याच्या गळ्यात 1,200 रोपं मारतात. श्रावण सरेपर्यंत बहुतेक वाळलेली असतात आणि फोन लागत नाही.

मोगऱ्याला ग्राफ्टिंग, म्हणजे एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर जोडणं, लागतच नाही. छाट कलमाने (काडी मातीत खोचून) किंवा दाब कलमाने (झाडावरचीच फांदी मातीत दाबून) तो सहज होतो. या रोपांच्या दांड्यावरची प्लास्टिकची पट्टी सोडून बघा, खाली-वर एकच फांदी निघते, जोड कुठेच नाही. आठवड्याभरापूर्वी खोचलेली तीन-चार डोळ्यांची काडी ती. दमट हवेत अशी काडी स्वतःच्या साठ्यावर दोन-तीन आठवडे हिरवी राहते, पालवीही फोडते. म्हणून तर विक्री पावसातच. उघडीप मिळून ऊन तापलं की मुळाविना पानांना पाणी पोचत नाही.

फोन लागलाच तर उत्तर मिळतं, ‘पाणी साचलं, मुळं कुजली.’ खानापूरच्या पावसात हे पटतंही, कारण साचलेल्या पाण्यात मोगरा खरोखर कुजतो. रोप उपटून पाहा. कुजलेली मुळं तपकिरी, लिबलिबीत असतात. इथे कुजायला मूळच नसतं.

रोपांचा आकडाही फुगवलेला. 10 गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. 4 बाय 4 फुटांवर 680 रोपं पुरतात. 1,200 बसवायची तर 3 बाय 3 वर लावावी लागतात आणि झाडं वाढली की तोडणीला आत शिरता येत नाही.

बारमाहीचं म्हणाल तर मुख्य बहर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत. नोव्हेंबरअखेर पाणी तोडून जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करायची असते. भरघोस कळी तिसऱ्या वर्षापासून. खरेदीच्या हमीची परीक्षा होईपर्यंत हमी देणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. मधाची गोष्ट तर निव्वळ थाप. मोगरा पहाटे मिटल्या कळीतच तोडतात, माशीला उरतं काय? मधमाश्यांसाठी बांधावर कुंती आणि शेवगा लावा.

रोपं घेताना ढिगातून आपण निवडलेल्या पाच-सहा पिशव्या फाडून बघा. चार-पाच महिन्यांच्या रोपाच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलेली असते, गड्डा सुटत नाही. विकणारा फाडू देत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा. घटप्रभेजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, आधी तिथं विचारता येतं. पावतीवर नर्सरीचा पत्ता, वाण आणि संख्या लिहून घ्या. पैसे फोनवरून गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला तक्रार करा. पावती हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.